मुलाम्याची गोळी नेम धरते का?

पिस्तुलाच्या नेमबाजीत गुण गेला की दोष हाताचा की काडतुसाचा, हा वाद जुनाच आहे. पॉइंट टू-टू बोअरच्या पिस्तुलाने खेळणाऱ्यांपुरता तो लवकर मिटतो. त्यांची काडतुसे कारखान्यातून तयार येतात आणि एकदा उडाली की पुंगळी टाकून द्यावी लागते. त्याहून मोठ्या बोअरच्या ‘सेंटर फायर’ पिस्तुलांचे तसे नाही. त्यांची पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते आणि अमेरिकेसारख्या देशांत हजारो हौशी नेमबाज ही पुनर्भरणी घरच्या घरी करतात. त्यांच्यात गेली अनेक वर्षे एका गोळीविषयी मतभेद आहेत. शिशाच्या गाभ्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढवलेली ही ‘प्लेटेड’ गोळी स्वस्त पडते, हात आणि नळी स्वच्छ ठेवते. पण ती नेम धरत नाही, असा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

वर्तकनगरातील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. अशा यशानंतर नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी काडतुसांच्या खर्चाचा विषय निघतोच. त्यातच परदेशी स्थायिक झालेला एखादा नातेवाईक ‘आम्ही तर घरीच भरतो’ असे सांगतो. ही गोळी खरोखर किती अचूक असते आणि आपल्याकडे तिचा विचार कोणत्या मर्यादेत करावा लागतो, हे म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे.

काडतुसाचे चार भाग

काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारा प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असे त्याचे चार भाग असतात. सेंटर फायर काडतुसात प्रायमर बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र बसवलेला असतो, म्हणून तो काढून नवा घालता येतो. पॉइंट टू-टू काडतुसात पेटणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असल्याने ती सोय नाही.

पुनर्भरणीत पुंगळी साफ करून मूळ मापावर आणतात. नवा प्रायमर बसवून दारू मोजून घालतात, तोंड किंचित फुलवून गोळी बसवतात आणि शेवटी तोंड पुन्हा आवळतात. यातील शेवटच्या दोन पायऱ्या मुलाम्याच्या गोळीच्या बाबतीत सर्वांत नाजूक ठरतात.

शिसे, मुलामा आणि आवरण

पिस्तुलाच्या गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली निव्वळ शिशाची. शिसे मऊ असल्याने ते नळीतील पेचदार खाचांत सहज बसते आणि कमी वेगात उत्तम नेम धरते. वेग वाढला की मात्र शिशाचे कण नळीला चिकटू लागतात.

दुसरी आवरणाची, म्हणजे ‘जॅकेटेड’ गोळी. यात शिशाचा गाभा तांबे-जस्ताच्या मिश्रधातूच्या वाटीत दाबून बसवतात. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये तांब्याच्या आवरणाची गोळी तयार केली आणि पुढे जगभरच्या लष्करांनी हीच वाट धरली. आवरण जाड आणि कणखर असल्याने ती मोठा वेग सोसते.

तिसरी मुलाम्याची. हिच्यात वाटी नसते. शिशाचा गाभा अपेक्षित मापापेक्षा किंचित लहान घडवतात आणि असे हजारो गाभे छिद्रे असलेल्या फिरत्या पिंपात घालून तांब्याच्या द्रावणात सोडतात. विजेच्या प्रवाहाने त्यांवर तांब्याचा थर चढतो. वर्तकनगरला लागूनच वागळे इस्टेट आहे. यंत्रभागांच्या या परिसरात ‘प्लेटिंग’ हा शब्द नवा नाही. तिथल्या कारागिरांना ठाऊक असलेली एक अडचण इथेही येते. विद्युत-विलेपनात कडा आणि कोपऱ्यांवर प्रवाह एकवटतो आणि तिथे थर जाड बसतो. म्हणून मुलामा चढल्यावर गोळी पुन्हा साच्यात दाबून गोल आणि मापाची करावी लागते. साध्या मुलाम्याचा थर सामान्यतः एक ते दोन दशांश मिलिमीटर असतो. आवरणाच्या गोळीची वाटी याच्या काही पट जाड असते.

या फरकातूनच गोळीचे सारे गुणदोष येतात. दिसायला ती आवरणाच्या गोळीसारखी असते, वागायला मात्र शिशाच्या गोळीच्या जवळची असते. तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी तिला आवरणाची गोळी समजून वापरल्यामुळे उद्भवतात.

अचूकता कुठे हरवते?

पहिले कारण गोळीच्या घडणीतच असते. नळीतील पेचामुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या नळीत साधारण २५० मिलिमीटर अंतरात एक फेरा पूर्ण होतो. वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर गोळी सेकंदाला १,४०० फेरे घेत असते. अशा वेळी मुलामा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मधल्या अक्षावर राहत नाही. नळीत असेपर्यंत तिला अक्षाभोवतीच फिरावे लागते. नळी सुटताच गुरुत्वमध्याला मिळालेला आडवा वेग तिला बाजूला नेतो. गुरुत्वमध्य केवळ दोन शतांश मिलिमीटर सरकला, तरी वरील नळीतून सुटलेली गोळी २५ मीटरवर सुमारे साडेबारा मिलिमीटर बाजूला जाते. ती कोणत्या दिशेला जाईल, हे गोळी नळीत कशी बसली होती यावर ठरते. म्हणजे एवढ्या एका दोषातून लक्ष्यावर सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा फैलाव तयार होतो. आवरणाच्या गोळीतही वाटीची जाडी असमान असू शकते. हा दोष एकट्या मुलाम्याचा नाही.

दुसरे कारण भरणाऱ्याच्या हातचे आहे. पुंगळीचे तोंड पुरेसे फुलवले नाही, किंवा त्याची आतली कड धारदार राहिली, तर गोळी बसवतानाच मुलामा खरवडला जातो. शेवटी तोंड जोरात आवळले तर पुंगळीची कड मुलाम्यात रुतून तो कापते. असा कापलेला मुलामा नळीत किंवा नळीबाहेर पडताच फाटतो, गोळीचा तोल जातो आणि कधीकधी ती लक्ष्यावर आडवी आदळते. कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखी खूण दिसली तर हा प्रकार घडला असे समजावे. उपाय साधा आहे. तोंड फुलवल्यावर ते पुन्हा सरळ होईल एवढेच आवळायचे, आणि तेही निमुळत्या पद्धतीने. अनुभवी मंडळी प्रायमर व दारू न घातलेले नमुना काडतूस तयार करून गोळी पुन्हा उपसून पाहतात. तिच्यावर पुसट वळ चालतो; तांब्याखालचे करडे शिसे दिसता कामा नये.

तिसरे कारण वेग. मुलामा पातळ आणि आतले शिसे मऊ असल्याने जास्त दाबाखाली गोळी खाचांची पकड सोडू लागते. साध्या मुलाम्याच्या गोळ्यांसाठी उत्पादक सहसा सेकंदाला ३६५ ते ३८० मीटरची मर्यादा सांगतात. जाड थराच्या गोळ्यांसाठी ती अधिक असते. पॉइंट फोर्टी-फाइव्ह पिस्तूल किंवा पॉइंट थर्टी-एट स्पेशल रिव्हॉल्व्हर यांचे नेहमीचे वेग या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. नऊ मिलिमीटरचा वेग मर्यादेच्या जवळ जातो आणि मॅग्नम काडतुसे ती सहज ओलांडतात. उलट वेग फार कमी ठेवण्याच्या नादात दारू बेसुमार घटवली, तर गोळी नळीतच अडकण्याचा आणि पुढच्या गोळीने नळी फुटण्याचा धोका असतो. म्हणून त्या विशिष्ट गोळीसाठी छापलेल्या तक्त्याच्या वर किंवा खाली जाणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

चौथे कारण माप. गोळी नळीच्या मापापेक्षा किंचित लहान असेल तर मागचा वायू तिच्या कडेने निसटतो आणि नेम विस्कटतो. गोळीचा व्यास आपल्या नळीशी ताडून पाहिल्याखेरीज एखाद्या कंपनीला नावे ठेवण्यात अर्थ नसतो.

मुलामा देण्याची प्रक्रिया मुळातच अचूकतेला मारक आहे, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील स्पीअर कंपनीची ‘गोल्ड डॉट’ ही तिथल्या अनेक पोलीस दलांनी वापरलेली गोळी शिशाच्या गाभ्यावर विद्युत-विलेपनानेच तांबे चढवून बनवली जाते. तिचा थर जाड असतो, घडण काटेकोर असते आणि किंमतही त्या मानाने जास्त असते. सरावासाठी घाऊक विकली जाणारी स्वस्त गोळी आणि ही गोळी एकाच प्रक्रियेतून येतात. फरक पडतो तो थराच्या जाडीत आणि तपासणीत.

हाताचा वाटा, गोळीचा वाटा

आता प्रत्यक्ष लक्ष्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या अचूकता फेरीत दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे आणि नऊचे १०० मिलिमीटरचे असते. नेमबाजाच्या हाताचा फैलाव आणि काडतुसाचा फैलाव एकमेकांत सरळ मिळवता येत नाहीत. दोन्ही स्वतंत्र असल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते.

एखाद्या नवख्या नेमबाजाच्या हाताचा फैलाव १०० मिलिमीटर आहे आणि त्याच्या काडतुसाचा ५०, असे मानू. एकूण फैलाव सुमारे ११२ मिलिमीटर येतो. त्याने दुप्पट अचूक, म्हणजे २५ मिलिमीटरचे काडतूस घेतले, तर तो १०३ वर येतो. खर्च वाढून फायदा अवघा नऊ मिलिमीटरचा. कसलेल्या नेमबाजाचे गणित वेगळे आहे. त्याच्या हाताचा फैलाव ४० असेल, तर पहिल्या काडतुसाने एकूण ६४ आणि दुसऱ्याने ४७ मिलिमीटर होतो. एकाचे नेम दहाच्या वर्तुळाबाहेर सांडतात, दुसऱ्याचे आत मावतात.

उदाहरणातील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण त्यातून निघणारा नियम सर्वत्र लागू पडतो. शिकाऊ नेमबाजाला मुलाम्याच्या गोळीने जवळजवळ काहीच गमवावे लागत नाही. पदकाच्या उंबरठ्यावरच्या नेमबाजाला मात्र तिची किंमत गुणांत मोजावी लागते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. साठ नेमांत केवळ दहा गुण गमावण्याच्या त्या पातळीवर काडतुसाचा प्रत्येक मिलिमीटर मोजला जातो.

चाचणीवर विश्वास केव्हा ठेवावा?

‘माझ्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्यात बसल्या’ हा पुरावा नव्हे. पाच नेमांचा एखादा पुंजका योगायोगाने छान येतो, एखादा विनाकारण विस्कटतो. तुलना करायची तर पिस्तूल, अंतर आणि टेकू तेच ठेवून प्रत्येक प्रकारच्या गोळीचे अनेक पुंजके घ्यावे लागतात. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याची सरासरी काढावी. फटकून गेलेली एखादी गोळी ‘ती माझ्या हाताची चूक’ म्हणून वगळण्याचा मोह टाळावा. मुलाम्याच्या गोळीचा खरा दोष नेमका अशा एकाददुसऱ्या गोळीतच लपलेला असतो.

आरोग्याची बाजू

मुलाम्याचा एक लाभ निर्विवाद आहे. शिशाच्या गोळीचे बूड उघडे असते आणि आवरणाच्या अनेक गोळ्यांचेही. दारूच्या तप्त वायूने त्या शिशाचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. मुलामा गोळीला सर्व बाजूंनी झाकतो, त्यामुळे हे प्रमाण घटते. ते शून्य मात्र होत नाही, कारण बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचे संयुग असते. बंदिस्त रेंजवर हवा खेळती असणे, सरावानंतर साबणाने हात धुणे आणि तोपर्यंत काही न खाणे, हे नियम गोळी कोणतीही असली तरी पाळायलाच हवेत. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेषच.

स्पर्धेचा नियम

अचूकतेच्या चर्चेत एक गोष्ट अनेकदा निसटते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत गोळी केवळ शिशाची किंवा तत्सम मऊ पदार्थाची असावी लागते आणि आवरणाच्या गोळ्यांना मनाई आहे. तांब्याच्या मुलाम्याची गोळी या शब्दांत चपखल बसत नाही. तिच्या भरवशावर स्पर्धेत उतरणे म्हणजे पंचांच्या निर्णयावर हवाला ठेवणे. म्हणूनच सेंटर फायर प्रकारात पॉइंट थर्टी-टू बोअरची, पुढचा भाग सपाट असलेली शिशाची ‘वॅडकटर’ गोळी रूढ आहे. ती कागदात पंचने पाडावे तसे स्वच्छ गोल छिद्र पाडते. छिद्राची कड वरच्या वर्तुळाला टेकली तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे ही स्वच्छता मोलाची असते. या काडतुसांचा वेग कमी असतो आणि त्या वेगात शिशाला मुलाम्याची गरजच भासत नाही.

महाराष्ट्राचा वारसा आणि कायद्याची चौकट

काडतुसांचा उद्योग महाराष्ट्रात जुना आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. कल्याणच्या पुढे अंबरनाथच्या आयुध निर्माणीत पितळेसारख्या अलोह धातूंचे काम चालत आले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले, तर अंबरनाथची निर्माणी ‘यंत्र इंडिया’कडे. म्हणजे धातूपासून तयार काडतुसापर्यंतचे ज्ञान इथे दीडशे वर्षे आहे. पण ते कारखान्यांच्या भिंतींआड, परवान्याच्या चौकटीत आहे.

ही चौकट शस्त्र अधिनियम, १९५९ ची आहे. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे ‘नुसत्या गोळ्या आहेत, दारू कुठे आहे?’ हा युक्तिवाद टिकत नाही. काडतुसे बाळगण्याची मुभा देणारा शस्त्र परवाना ती बनवण्याची मुभा देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. परदेशातून दारूगोळा किंवा त्याचे भाग आणण्यासाठी कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो. शिवाय जिच्या पुनर्भरणीची अमेरिकेत सर्वाधिक चर्चा होते, ती नऊ मिलिमीटरची पिस्तुले आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रहिवाशांसाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे ठाण्याचे पोलीस आयुक्त. शंका असल्यास काही मागवण्यापूर्वी तिथल्या परवाना शाखेत लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी तरुणांनीही एक बाब ध्यानात ठेवावी. तिथल्या संघराज्य कायद्यानुसार एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक वा दारूगोळा बाळगता येत नाही. तिथेही दारूगोळ्याच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, दारू आणि सुटी गोळी यांचा समावेश आहे. सहकाऱ्याबरोबर हौसेने घेतलेला गोळ्यांचा डबा व्हिसावर बेतू शकतो.

थोडक्यात

मुलाम्याच्या गोळीवरचा आक्षेप अर्धाच खरा आहे. तिला शिशाच्या गोळीप्रमाणे हळुवार हाताळले, वेग मर्यादेत ठेवला, माप नळीशी जुळवले आणि पुंगळीचे तोंड बेताने आवळले, तर सरावासाठी ती पुरेशी अचूक असते. सर्वोच्च पातळीवर चांगली शिशाची वॅडकटर किंवा काटेकोर घडणीची आवरणाची गोळी तिच्या पुढे राहते, आणि आंतरराष्ट्रीय नियम मुळातच शिशाकडे झुकलेले आहेत. ठाण्यातील नवोदित नेमबाजाने रेंजवर कायदेशीर मार्गाने मिळणारी काडतुसे वापरावीत आणि पुनर्भरणीतून वाचतील असे वाटणारे पैसे प्रशिक्षणाच्या तासांसाठी ठेवावेत. त्याच्या हाताचा फैलाव १०० वरून ४० मिलिमीटरवर येईल तो सरावाने. गोळीचा प्रश्न त्यानंतरचा.